मस्कत ते सलालाह किनाऱ्याने, सात दिवस, सोबत आई: गाडीच्या आधी वेळेचा हिशोब करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. डिसेंबरात ओमानमधे सात दिवस, तुम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतली आई, जी पूर्ण शाकाहारी आहे. मस्कतहून भाड्याची गाडी घ्यायची, समुद्राच्या कडेकडेने सलालाहपर्यंत जायचं आणि आतल्या हायवेने परत मस्कतला यायचं. तुम्ही विचारलंय की फोर बाय फोर घ्यावी का साधी सेडान चालेल, आणि दुसरं, वाटेत लोक "घरी चला" म्हणतात असं ऐकलंय तर जावं का, ते सेफ आहे का.

मी २००९ पासून मस्कतमधे आहे, कंपनीच्या साइट्स सूर, महूत, दुक्म अशा पसरलेल्या असल्यामुळे या रस्त्याच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागावर महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, आणि पूर्ण सलालाहपर्यंत किनाऱ्याने मी आत्तापर्यंत नऊ वेळा गेलोय, त्यातल्या चार वेळा घरची वयस्कर माणसं बरोबर होती. तेवढ्यावरून सांगतो.

गाडीचा प्रश्न पटकन संपतो. मस्कत ते सलालाह किनाऱ्याचा रस्ता आता सगळा डांबरी आहे, सेडान चालते. फोर बाय फोर लागते ती डांबर सोडून वाळूत उतरायचं असेल तर, म्हणजे खलूफजवळच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या किंवा बीचवर आत जाऊन तंबू ठोकणं वगैरे. वाळूत गाडी चालवायची सवय नसेल तर एकट्या गाडीने कुटुंबाला घेऊन तो प्रयोग करूच नका, शिवाय भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा ऑफरोडला लागू नसतो. तरीपण आई बरोबर आहे म्हणून मी उंच बसायची साधी एसयूव्ही घ्या म्हणेन, चढ-उतार करताना गुडघ्यांना त्रास कमी होतो. बास, गाडीचं एवढंच.

आता तुम्ही जे विचारलं नाहीये पण ज्यावर सगळी ट्रिप अवलंबून आहे ते सांगतो. तुमचा प्लॅन किलोमीटरमधे केलेला आहे. किनाऱ्याने सलालाह साधारण १३०० किमी, आतून हैमामार्गे परत साधारण १०००, म्हणजे २३०० किमी भागिले सात, रोजचे सव्वातीनशे, हायवेला लिमिट १२०, म्हणजे रोजचं तीन-चार तासांचं ड्रायव्हिंग, त्यात काय एवढं, असा तुमचा हिशोब दिसतोय. कागदावर तो बरोबर आहे. पण डिसेंबरात इथे सूर्य उगवतो पावणेसातच्या आसपास आणि मावळतो साडेपाचच्या आत, आणि अंधार पडल्यावर या रस्त्यावर गाडी चालवायची नाही हा माझा पहिला नियम आहे. कारण उंट. उंटाचा रंग वाळूचाच, डोळे हेडलाइटमधे गाई-म्हशीसारखे चमकत नाहीत कारण डोकं लाइटच्या खूप वर असतं, आणि पाय लांब असल्यामुळे धडक बसली तर अख्खं धड काचेवर येतं. तेव्हा चहा-आंघोळ आवरून आठला निघालात तर हातात साडेनऊ तास, त्यातून ड्रायव्हिंग, जेवण, आईची विश्रांती, मुलीचं पाण्यात खेळणं वजा करा. आणि मग वाटेत एखादा माणूस हात छातीवर ठेवून म्हणतो, "तफद्दल", म्हणजे या, बसा, घ्या. तेव्हा तुम्ही घड्याळ बघता.

माझ्या पहिल्या ट्रिपला हेच झालं. महूतच्या अलीकडे टायर पंक्चर झाला, जॅक लावेपर्यंत एक पांढरा पिकअप थांबला, मागे मासेमारीची जाळी, त्यातून दोन तरुण उतरले आणि मला बाजूला करून दहा मिनिटांत टायर बदलून मोकळे झाले. पैसे देऊ केले तर त्यातल्या मोठ्याला वाईट वाटलं असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग म्हणाले घर पलीकडेच आहे, कहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन जा. आम्ही गेलो. मजलिसमधे, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, त्यांचे वडील बसले होते, आधी खजूर पुढे केले, मग डाव्या हातात दल्ला, म्हणजे ती लांब चोचीची कॉफीची किटली, उजव्या हातात एकात एक रचलेले बिनकानाचे छोटे कप, ते एकेक सुटा करून उंचावरून वेलचीची कॉफी ओतायला लागले, जेमतेम दोन घोट मावतील इतकी. आतून भांड्यांचे आवाज येत होते, जेवणाची तयारी चालली होती. आणि मी एक कप घेऊन उठलो, कारण दुक्मला हॉटेल बुक होतं आणि अजून बरंच अंतर बाकी होतं. म्हातारबाबा दारापर्यंत आले आणि अख्खा खजुरांचा डबा गाडीत ठेवला. दुक्मला वेळेत पोचलो, त्या हॉटेलचं नावही आज आठवत नाही. पुढच्या वर्षी मुद्दाम तिथे थांबलो, दुपारच्या नमाजाआधी गेलो ते ऊन उतरल्यावरच निघालो, तेव्हापासून मी या रस्त्याचा प्लॅन करताना रोजचे तीन तास कोऱ्या वहीसारखे मोकळे सोडतो. अंतर रोजचं २०० ते २५०, अगदीच इलाज नसेल तर ३००.

म्हणून माझं स्पष्ट मत: परतीचा रस्ता काढून टाका. सलालाहला गाडी सोडा आणि विमानाने मस्कतला या. पण हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. एक म्हणजे गाडीवाले दुसऱ्या शहरात गाडी सोडू देतात का आणि त्याचे किती लावतात, आणि रोजच्या किलोमीटरला मर्यादा आहे का, हे बुकिंगआधी लेखी विचारा. दुसरं, आईला सलग सात दिवस रोज नवीन मुक्काम झेपेल का. यातलं एकही जमत नसेल तर सलालाहचा हट्ट सोडा, मस्कत–सूर–रास अल हद्द–अल अश्खरा असं खाली जा आणि शर्कियाच्या वाळवंटातून बिदिया मार्गे परत या. तो गोल पाच दिवसांत आरामात होतो, समुद्रही मिळतो, वाळूच्या टेकड्याही मिळतात आणि माणसंही भेटतात. सलालाह पुढच्या वेळी, पावसाळ्यात.

समजा एका बाजूने सात दिवस ठरलं, तर मी असं करेन.

पहिला दिवस मस्कत ते सूर, २०० किमी. वाटेत बिम्मा सिंकहोल, चुनखडीची जमीन खचून झालेला मोठा खड्डा आणि तळाशी हिरवंनिळं पाणी, लोक त्याला हवियत नज्म म्हणतात, पडलेल्या ताऱ्याची जागा. पायऱ्या आहेत, आई वरून बघेल, मुलीला खाली नेता येईल. पुढे वादी शाब, वादी म्हणजे डोंगरातली नदीची दरी, एरवी बरेचदा कोरडी. तिथे एक जण आईजवळ थांबायची तयारी असेल तरच जा. हायवेच्या पुलाखालून होडीने पलीकडे जायचं, मग दगडधोंड्यांतून पाऊण तास चालणं, मग पोहणं. आईसाठी शेजारची वादी तिवी बरी, तिथे आत गावांपर्यंत गाडी जाते, खजुराच्या बागा आणि पाण्याचे पाट गाडीत बसून दिसतात, फक्त रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घ्यावी लागते. पुढे कल्हात, एकेकाळचं मोठं बंदर, चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला, २०१८ मधे युनेस्कोच्या यादीत आलं, आज बीबी मरियमची कबर तेवढी उभी दिसते.

दुसरा दिवस सूर आणि तिथून रास अल जिन्झ, जेमतेम ५० किमी. हा दिवस कमी अंतराचा आहे म्हणून कापू नका, प्रत्येक जण हाच कापतो. सूरमधे लाकडी जहाजं बांधायचा कारखाना बघा. सागवान भारतातून मलबारहून यायचं आणि इथल्या सुतारांनी कागदावर नकाशा न काढता नजरेच्या अंदाजाने जहाजं उभी केली, ती पार झांझिबारपर्यंत जायची. किनाऱ्यावर फतह अल खैर नावाचं जुनं जहाज ठेवलंय, ते येमेनमधून परत आणलेलं आहे. सूरच्या म्हाताऱ्या लोकांना मुंबई माहिती असते, काहींना हिंदी इतकं साफ येतं की तुमची आई त्यांच्याशी तासभर गप्पा मारेल. संध्याकाळी रास अल जिन्झ, हिरव्या कासवांचं संरक्षित क्षेत्र, तिथे रात्री फक्त गाइडबरोबर जाता येतं, आधी बुकिंग लागतं. खरा हंगाम उन्हाळ्यात, डिसेंबरात संख्या कमी असते तेव्हा दिसेलच असं मुलीला कबूल करू नका. दिसली तर आधी आवाज ऐकू येतो, पुढच्या पायांनी उडवलेली वाळू धप धप पडल्याचा, मग तो लाल टॉर्चच्या उजेडातला मोठा पाठीचा घुमट. फ्लॅश नाही, बोलणं नाही. अंधारात वाळूतून बरंच चालावं लागतं, आईला तिथेच रूमवर झोपू द्या.

तिसरा दिवस लांब, अल अश्खरावरून महूतकडे, २८० च्या आसपास. इथे वाळवंट सरळ समुद्रात उतरतं, एका बाजूला टेकड्या, एका बाजूला लाटा. वाऱ्याने वाळूच्या जिभा रस्त्यावर आलेल्या असतात. त्या दिसल्या की आधीच वेग कमी करा, वाळूवर चाक आल्यावर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगला झटका देऊ नका. महूतच्या पुढे बर्र अल हिकमानची पाणथळ सपाटी आहे, हिवाळ्यात तिथे लाखो पक्षी उतरतात, बघायला लोक गाडी आत घालतात आणि फसतात. तिला सब्खा म्हणतात, वरून सुकलेली, भाकरीच्या पापुद्र्यासारखी पांढरी खारट जमीन आणि खाली चिखल. एकदा चाक आत गेलं की ते पंपासारखा चिखल खेचत राहतं. माझ्यासमोर एका मोठ्या लँड क्रूझरला काढायला दुसरी गाडी आणि चार तास लागले होते. डांबर सोडू नका, पक्षी दुर्बिणीतून बघा.

चौथा दिवस दुक्म, १७० किमी. नवं बंदर, रिफायनरी, मोठी हॉटेलं, आंघोळ-कपडे-झोप भरून काढायचा दिवस. दगडांची बाग आहे तिथे संध्याकाळी अर्धा तास जा, वाऱ्यापाण्याने घासून निघालेले चित्रविचित्र दगड, मुलीला आवडेल.

पाचवा दिवस दुक्म ते शुवैमिया, ३०० च्या थोडा वर, हा या ट्रिपचा सगळ्यात एकाकी भाग. पेट्रोल पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरा, दर इतका कमी आहे की विचार करायची गरज नाही, २०२४ मधे साधं पेट्रोल लिटरला २४० बैसाच्या आत होतं, १००० बैसा म्हणजे एक रियाल. मोबाइलला मधेमधे रेंज नसते, नकाशा आधी डाउनलोड करा, गाडीत माणशी पाच लिटर पाणी ठेवा. आणि टॉयलेटचं आईला आधी सांगून ठेवा. रस्त्याकडेच्या मशिदींना लागून स्वच्छतागृहं असतात, कोणीही वापरतं, पण बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीची असतात. गुडघे दुखत असतील तर घडीची कमोड खुर्ची डिकीत टाका, हसू येईल पण चार वयस्कर माणसांना फिरवल्यावर सांगतोय.

सहावा दिवस शुवैमिया ते मिरबात, २०० च्या आसपास, आणि माझ्या मते अख्ख्या किनाऱ्याचा कळस. शुवैमियाहून हासिककडे जाणारा रस्ता डोंगर कापून काढलाय, वर पठारावर चढतो आणि मग समुद्राकडे असा उतरतो की खाली निळं पाणी थेट काचेसमोर येतं. उताराला गिअर खाली टाका, सतत ब्रेकवर पाय ठेवून तो तापवू नका. हासिकजवळ नातिफला डोंगराच्या कड्यातून पाणी झिरपून लोंबणारे दगडी झुंबर तयार झालेत, रस्त्याला लागूनच आहेत. लोबानाची झाडंही याच पट्ट्यात दिसतात, ठेंगणी, खोड कागदासारखं सोललेलं. सालीला ओरखडा काढतात, दुधासारखा थेंब येतो आणि वाळून खडा होतो. तुम्ही स्वतः खरवडू नका, झाडांना मालक असतात.

सातवा दिवस ताका गाव, सुमहुरम, म्हणजे लोबानाच्या व्यापाराच्या जुन्या बंदराचे अवशेष, आणि सलालाहचा बाजार. मुघसैलची कारंजी, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकातल्या भोकांतून उसळणारं समुद्राचं पाणी, डिसेंबरात जोरात नसतात कारण ती खरीफमधे, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या तिथल्या पावसाळ्यात उसळतात. तरी गेलात तर कुंपणाच्या आत राहा. जुलै २०२२ मधे तिथे कुंपण ओलांडलेल्या भारतीय पर्यटकांना लाटेने ओढून नेलं, लहान मुलं होती त्यात. मुलीचा हात धरून ठेवा.

आता दुसरा प्रश्न, घरी बोलावलं तर जावं का. माझा अनुभव सांगतो, इतक्या वर्षांत एकदाही पस्तावलो नाही. पण "सेफ आहे का" यापेक्षा "आपण नीट पाहुणे होतोय का" हा विचार जास्त करा, कारण तुमच्यासाठी तो माणूस दिवसाचं काम बाजूला ठेवतो. पहिल्यांदा नम्रपणे नको म्हणा, ते पुन्हा आग्रह करतात, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा मनापासून म्हणताहेत असं वाटलं की हो म्हणा. आधी चपला बाहेर. बसल्यावर पाय कोणाकडे लांब करू नका, आईला खाली बसता येत नसेल तर सरळ सांगा, उशा रचून जागा करून देतात. खजूर आणि कप उजव्या हाताने घ्या. कप रिकामा केला की भरतच राहतात, पुरे असेल तेव्हा देताना मनगटाने कप दोन-तीनदा हलवायचा, तीच खूण. तुमची बायको, मुलगी आणि आई यांना बायका आतल्या खोलीत घेऊन जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, माझ्या सासूबाई एकदा आत गेल्या त्या हातावर मेंदी काढूनच बाहेर आल्या. बायकांचे फोटो मात्र काढू नका, विचारूही नका.

शाकाहाराचं तिथे पोचल्या पोचल्या सांगा, जेवण आल्यावर नको. पाहुण्यासाठी बकरा कापायची पद्धत आहे, आणि कापल्यावर नाही म्हटलं की दोघांनाही वाईट वाटतं. "ला लह्म, ला समक, नबाती" एवढं आईला पाठ करायला लावा, मांस नाही, मासे नाही, भाजीपाला. मग भात, डाळ, सॅलड, दही, फळं येतात. रस्त्यावर तर अडचणच नाही, लहानातल्या लहान गावात केरळी मंडळींचं कॉफी शॉप असतं, पराठा, डाळ, करक चहा. गाडीतूनच हॉर्न वाजवला की पोऱ्या येऊन ऑर्डर घेतो, ती तिथली रीत आहे.

पैसे कधीही देऊ नका. मस्कतहून निघताना ओमानी हलव्याचे चार-पाच डबे घेऊन ठेवा, केशर, गुलाबपाणी, तूप घातलेला चिकट हलवा, ज्यांच्याकडे जाल त्यांना एक द्या. आणि उठायचं कधी, तर आतून बुखूर येतो, लोबान किंवा ऊद (सुगंधी लाकूड) घातलेली धुपाटणी, ती सगळ्यांपुढे फिरवतात, कपड्यांना धूर घ्यायचा. बुखूर फिरला की बैठक संपली असं अरबांमधे मानतात, तेव्हा निवांत उठा, कोणाला वाईट वाटत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि गोल चौकात आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे डावीकडे बघायचं, पहिले दोन दिवस बायकोला शेजारी बसवून प्रत्येक चौकात "डावीकडे" म्हणायला सांगा. इंटरनॅशनल परमिट निघायच्या आधीच काढा. आणि वादी. हिवाळ्यात उत्तर भागात पाऊस होतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि मागच्या डोंगरात पडलेला पाऊस अचानक रस्ता ओलांडायला येतो. वादीच्या ठिकाणी लाल-पांढरे खांब असतात, पाणी लाल पट्ट्याला लागलं की थांबायचं, दुसऱ्या गाड्या जाताहेत म्हणून जायचं नाही. वाहत्या वादीत गाडी घालणं कायद्याने गुन्हाही आहे. दोन-चार तासांत पाणी उतरतं, तोवर पुन्हा कोणीतरी कहवा घेऊन येतंच. पोलीस, अपघात, काहीही झालं तर ९९९९.

बुकिंगला बसाल तेव्हा पहिला फोन शुवैमियाच्या मुक्कामासाठी करा. बाकी सगळीकडे पर्याय मिळतो, तिथे खोल्या मोजक्या आहेत, आणि ती रात्र पक्की झाली नाही तर पाचवा आणि सहावा दिवस जोडून एका दिवसात ५०० किमी मारायची वेळ येते. तिथे खोली मिळत नसेल तर तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करा, तेही जमलं नाही तर मी वर लिहिलेला बिदियावाला गोल घ्या.